‘पोलीस हा राज्याचा विषय आहे’: एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

नमस्कार,

खासदारांची राष्ट्रीय सुरक्षेवरची कामगिरी कशी वाचावी, या लेखावर तुम्ही सविस्तर नाराजी कळवलीत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. तुमच्या खासदारांनी नक्षलवाद, दहशतवाद आणि पोलीस यांवर गृहमंत्रालयाला भरपूर प्रश्न विचारले, ते मी ‘आकडा फुगवणं’ म्हणून उडवून लावलं. पोलीस राज्याच्या हातात, मग खासदारानं करायचं तरी काय? सुरक्षेची माहिती गुप्तच राहायला हवी. आणि यूएपीएवर (दहशतवादाविरोधात वापरला जाणारा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) शंका काढणं म्हणजे नक्षलवाद्यांची वकिली. याशिवाय माझ्या एका वाक्यावर तुम्ही बोट ठेवलंत. तिथे चूक माझीच आहे, तेव्हा आधी तिचा निकाल लावतो.

डिसेंबर २०२३ मध्ये तुमच्या खासदारांनी भारतीय न्याय संहिता विधेयकाच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) बाजूने ‘मत दिलं’, असं मी लिहिलं होतं. ते विधेयक लोकसभेत आणि राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. आवाजी मतदानात ‘होय’चा आवाज मोठा की ‘नाही’चा एवढंच पीठासीन अधिकारी ठरवतात, कुणाच्या नावापुढे काहीच नोंदलं जात नाही. कुणी मतविभागणी मागितली तरच नावं कागदावर येतात. (त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले होते, त्यामुळे ती मागायला बाकांवर उरलं कोण होतं, हा भाग वेगळा.) याउलट २०१९ ची यूएपीए दुरुस्ती राज्यसभेत १४७ विरुद्ध ४२ अशी मंजूर झाली आणि तिथे कोण कुठल्या बाजूला होतं ते वाचता येतं. पण पक्षाचा व्हिप (मत कसं द्यायचं याचा आदेश) असेल तर अशा मतावरून पक्ष कळतो, माणूस कळत नाही. मूळ लेखातलं ते वाक्य बदललं आहे.

आता प्रश्नांच्या संख्येकडे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. किमान १५ दिवस आधी सूचना द्यायची, चिठ्ठ्या निघतात, आणि एका सदस्याचे एका दिवशी जास्तीत जास्त ५ प्रश्न लागतात. त्यांतला तारांकित एकच. गृहमंत्रालयाचा वार लोकसभेत मंगळवार, राज्यसभेत बुधवार. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत २० पैकी मोजकेच प्रश्न पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरं पटलावर. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी, पुरवणीची सोय नाही.

संख्या इथेच फसवते. एकाच दिवशी एकाच विषयावर पाच-सात सदस्यांचे प्रश्न आले तर ते एकत्र केले जातात. उत्तर एक, वर नावं सगळ्यांची, आणि प्रत्येकाच्या खात्यावर एकेक प्रश्न जमा. खासदारांच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या पीआरएससारख्या संस्था ही मोजणी प्रामाणिकपणे करतात. तिच्यावरून ‘सर्वाधिक प्रश्न विचारणारे खासदार’ असे फलक लावणारे मात्र खालचा मजकूर उघडूनही पाहत नाहीत.

तो मजकूर कसा असतो ते एकदा शेजारी ठेवून पाहू. नेहमीचा साचा असा: ‘(क) देशातील नक्षलवादी कारवायांत वाढ झाली आहे काय, (ख) असल्यास तत्संबंधी तपशील काय आहे, आणि (ग) सरकारने यासंदर्भात कोणती पावले उचलली आहेत?’ या प्रश्नाचं उत्तर मंत्रालयाकडे तयारच असतं. पहिलं वाक्य: संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘पोलीस’ व ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे राज्यांचे विषय आहेत. मग राष्ट्रीय धोरण, मग योजनांची नावं, शेवटी हिंसाचार घटल्याचा परिच्छेद. आधीच्या अधिवेशनातला मजकूर उचलायचा आणि तारीख बदलायची. विचारणाऱ्याच्या हाती नवं काही लागत नाही, उत्तर देणाऱ्याचीही कुठे अडचण होत नाही.

आता तोच विषय असा विचारा: ‘सुरक्षाविषयक खर्च योजनेखाली गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांसाठी गेल्या तीन आर्थिक वर्षांत राज्याने वर्षनिहाय किती रकमेचे दावे पाठवले, त्यांपैकी किती मंजूर झाले, किती रक्कम प्रत्यक्ष दिली गेली, किती दावे प्रलंबित आहेत व कोणत्या कारणाने?’ नक्षलग्रस्त भागातल्या सुरक्षेवरच्या खर्चाची ही योजना प्रतिपूर्तीची आहे. राज्य आधी खर्च करतं, केंद्र नंतर भरपाई देतं. म्हणजे दाव्यांची फाईल केंद्रातच आहे, आणि ‘राज्याचा विषय’ म्हणून हात झटकायला जागा उरत नाही. हा प्रश्न १५० शब्दांच्या मर्यादेतही सहज बसतो.

तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर यातच आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस या राज्यसूचीतल्या पहिल्या दोन नोंदी, हे खरं. पण केंद्रीय सशस्त्र दलांची तैनाती, आयपीएस केडर, एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) आणि आधुनिकीकरणाचा पैसा हे सगळं दिल्लीतून हलतं. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पोलीस आधुनिकीकरणाच्या छत्र योजनेला २६,२७५ कोटी रुपये मंजूर झाले, त्यांपैकी ४,८४६ कोटी राज्य पोलिसांच्या आधुनिकीकरणासाठी. अशा अनुदानात आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला) आलं नाही की पुढचा हप्ता अडकतो. आपल्या राज्याचं प्रमाणपत्र कुठे अडलं, हे खासदारानं नाही विचारायचं तर कुणी? आणि तपासाचं म्हणाल तर एनआयए कायद्याचं कलम ६ केंद्राला राज्याकडून प्रकरण स्वतःहून काढून घेण्याचा अधिकार देतं. जानेवारी २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरण पुणे पोलिसांकडून एनआयएकडे गेलं, तेव्हा राज्य सरकारची नाराजी आड आली नाही. विषय राज्याचा की केंद्राचा ही रेषा केंद्राला हवी तेव्हा ओलांडता येते. प्रश्नाच्या उत्तरात तेवढी ती पक्की असते.

माझ्या मते सर्वांत चांगली वाट सीसीटीव्हीची. पोलीस कोठडीतल्या छळाबद्दल विचारलं की ‘राज्याचा विषय’ हे उत्तर ठरलेलं. पण २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांबरोबरच सीबीआय, एनआयए, ईडी, एनसीबी अशा केंद्रीय यंत्रणांच्या कार्यालयांतही आवाज आणि चित्र दोन्ही टिपणारे कॅमेरे बसवायला सांगितलं. चित्रण १८ महिने जपायचं, तेवढी सोय बाजारात मिळत नसेल तर निदान एक वर्ष. मग प्रश्न असा: या यंत्रणांच्या किती कार्यालयांत चौकशी होते, त्यांपैकी किती ठिकाणी कॅमेरे चालू आहेत, चित्रण किती महिने राहतं? तुमच्या खासदारांच्या यादीत ‘पोलीस सुधारणा’ हा शब्द पुष्कळदा येतो. असा प्रश्न एकही नाही.

यूएपीएवर जरा थांबतो, कारण तिथे तुमचा सूर चढला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये गृहमंत्रालयाने राज्यसभेत सांगितलं की २०१६ ते २०१९ या काळात यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जणांवर दोष सिद्ध झाला. लगेच भागाकार झाला आणि ‘शिक्षेचं प्रमाण जेमतेम २ टक्के’ असं सगळीकडे छापून आलं. हा भागाकार चुकीचा आहे, आणि हे मी कायद्याचा टीकाकार असूनही म्हणतो. २०१९ मध्ये अटक झालेल्या माणसाचा खटला २०१९ मध्ये संपत नाही, आणि त्या वर्षी दोषी ठरलेले बहुतेक त्याआधी कधीतरी पकडलेले. अंशातली माणसं एक, छेदातली दुसरी. शिक्षेचं प्रमाण काढायचं तर त्या वर्षी निकाल लागलेले खटले छेदात हवेत.

पण सरकारच्या बाजूने उलटं बोलणारेही अर्धंच सांगतात. निकाल लागलेल्यांतलं प्रमाण बरं दिसलं तरी निकालच किती लागले, हा मुद्दा राहतो. या कायद्यात आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. कलम ४३ड(५) मुळे आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. त्यामुळे खटला रेंगाळणं हीच शिक्षा होऊन बसते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल तर हे कलम असूनही घटनात्मक न्यायालयं (उच्च आणि सर्वोच्च न्यायालयं) जामीन देऊ शकतात. म्हणून खासदारानं मागायचे रकाने वेगळे: वर्षाच्या सुरुवातीला प्रलंबित खटले, वर्षात आरोपपत्र दाखल झालेले, निकाल लागलेले, त्यांत दोषी, निर्दोष आणि आरोपमुक्त किती, आणि तीन वर्षांहून जास्त काळ कच्च्या कैदेत असलेले आरोपी. ही मागणी नक्षलवाद्यांची वकिली वाटत असेल तर एवढंच बघा, की खरा आरोपी शिक्षेविना सुटतो तेही याच रकान्यांत दिसतं.

नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या आकड्यांतही अशीच मेख आहे. १२६ जिल्हे २०१८ मध्ये ९० झाले, २०२१ मध्ये ७०, एप्रिल २०२४ मध्ये ३८. उतार खरा आहे आणि त्याचं श्रेय सुरक्षा दलांना द्यायलाच हवं. गडचिरोलीत १९९० पासून असलेल्या पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाचाही त्यात वाटा आहे. पण २०१८ ची घट ३६ ची दिसते ती ४४ जिल्हे वगळून आणि ८ नवे घालून. ते ८ कोणते आणि का आले, हे विचारल्याशिवाय नुसती वजाबाकी काही सांगत नाही. शिवाय यादीतून नाव गेलं की त्याबरोबर येणारा विशेष निधीही जातो. सर्वाधिक बाधित जिल्ह्याला विशेष केंद्रीय साहाय्य ३० कोटी रुपये होतं. यादीबाहेर पडलेल्या जिल्ह्यातल्या अर्धवट पुलाचं काय, हा अगदी खासदाराचा प्रश्न आहे.

गुप्ततेबद्दल तुम्ही म्हणता ते काही अंशी मान्य. मोहिमांचा तपशील, खबरी, दलांच्या हालचाली सभागृहात मागू नयेत, आणि गुप्त स्वरूपाची माहिती मागणारा प्रश्न लोकसभेच्या नियम ४१ खाली स्वीकारलाही जात नाही. पण रिक्त पदं, प्रलंबित दावे आणि कॅमेरे यांत गुप्त काय? खरी अडचण वेगळीच आहे. आयबी आणि रॉ या गुप्तचर यंत्रणांचे अधिकार ठरवणारा संसदेचा कायदाच नाही, दोन्ही यंत्रणा कार्यकारी आदेशांवर चालतात, आणि माहिती अधिकाराच्या कलम २४ खाली त्यांना सूट आहे. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये याबाबतचं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं) लोकसभेत मांडलं होतं. पुढच्या वर्षी ते मंत्री झाले आणि विधेयक बारगळलं. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे ते मंजूर झालं नाही याचा दोष त्यांना देत नाही. विषय नोंदीवर तरी आला.

गृहविषयक स्थायी समितीबद्दल थोडंच. ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बैठका बंद दाराआड, त्यामुळे तिथलं काम प्रश्नांच्या मोजणीत येत नाही, आणि या बाबतीत तुमच्या खासदारांवर अन्याय होण्याची शक्यता मीही धरतो. मात्र अहवालाच्या शेवटी इतिवृत्त असतं, त्यात हजेरी असते, आणि असहमतीची टिपणी दिली असेल तर तीही छापली जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय न्याय संहितेसह तीन फौजदारी विधेयकांवरचे अहवाल आले, त्यांना अशा टिपण्या जोडलेल्या आहेत. पोलीस कोठडीचे १५ दिवस सलग न घेता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत विभागून मागता येतील, या नव्या तरतुदीबद्दल वाचायचं तर सभागृहातल्या भाषणांपेक्षा त्या टिपण्यांकडे आधी जा.

शेवटी एक तपासणी, जी तुम्हीही करू शकता. ‘माहिती गोळा केली जात आहे व सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे वाक्य मंत्र्यांच्या उत्तरात आलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यावर नजर ठेवायला शासकीय आश्वासन समिती आहे. तुमच्या खासदारांच्या उत्तरांत हे वाक्य शोधा, तारीख लिहून घ्या, आणि पुढच्या दोन अधिवेशनांत त्यांनी आधीच्या प्रश्नाचा क्रमांक देऊन तोच विषय पुन्हा काढला का ते बघा. असं एक जरी उदाहरण सापडलं तर प्रश्न क्रमांक आणि तारीख कळवा. मूळ लेखात त्यांच्या नावानिशी ते घालतो.