एका पानात द्या म्हणे!
मुंबईत पाणी तुंबण्यावर रिपोर्ट दिला, तर साहेबांच्या ऑफिसात म्हणतात, "मॅडम, एवढं कोण वाचणार, एका पानात द्या ना!" दिलं. तर म्हणे यात आकडे कुठायत? मग पीपीटी केली, साहेबांनी तिसऱ्याच स्लाईडला फोन घेतला आणि आता त्यांचीच बदली, नवीन साहेबांना पहिल्यापासून सांगा. अरे, नाल्यांची क्षमता ताशी ५० मिमी पावसाची करा हे ब्रिमस्टोवॅडने, म्हणजे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या आराखड्याने, १९९३ ला सांगितलेलं, जाग कधी आली तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी कोसळल्यावर! आमचे संशोधक लोकही कमी नाहीत हं, संशोधनाचा पेपर इंग्रजीत, तोही पैसे भरून वाचायचा, इंजिनिअर बिचारा कुठून वाचणार? माझा स्पायरलवाला रिपोर्ट तिथे चहाच्या कपाखाली गोल डाग घेऊन पडलाय, आणि दादरच्या हिंदमाताला पाणी तुंबलं की हेच विचारणार, तज्ज्ञ आधी का नाही बोलले?