मास्टर रिले का ठेवला: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. माझ्या विमानाच्या वायरिंगच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, उत्तर लांबलं म्हणून वेगळं लिहितोय. महावितरणमध्ये ३० वर्षं काढलेला माणूस माझ्या वायरिंगवर बोट ठेवतो तेव्हा मी ते हलक्यात घेत नाही. तुमचं म्हणणं असं की बॅटरीजवळचा मास्टर रिले (पॅनेलवरच्या छोट्या ‘मास्टर’ स्विचने चालणारा, अख्खी बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) बिनकामाचा आहे, गाडीत असला रिले कुठे असतो, सरळ जाड स्विच टाका; रिलेच्या कॉइलवरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लागलाय, फोटोत त्याची पट्टी पॉझिटिव्हकडे दिसतेय; आणि उडताना तो रिलेच निकामी झाला तर सगळा अंधार.

डायोडचं आधी सांगतो, ते पटकन होईल. पट्टी पॉझिटिव्हकडेच पाहिजे. रिले ऑन असताना डायोडमधून करंट जायलाच नको असतो, तो नुसता अडवून बसतो. पण मास्टर बंद केला की कॉइलमधला करंट एकदम थांबत नाही आणि त्याला वाट मिळाली नाही तर स्विचच्या काँटॅक्टवर शेकडो व्होल्टचा स्पार्क पडतो, डायोड असला की तो कॉइलमध्येच गोल फिरून विरतो. तुमच्याकडच्या ज्या पॅनेलमध्ये कॉइल एसीवर असते तिथे असा डायोड दिसणार नाही, एसीला डायोड लावला तर अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट. इथे १२ व्होल्ट डीसी आहे. उलटा लागला असता तर मास्टर ऑन करताक्षणी पॉझिटिव्ह थेट स्विचमधून अर्थला, आणि रिलेपासून स्विचपर्यंतच्या माझ्या बारीक वायरला फ्यूज नाही, म्हणजे धूरच निघाला असता. त्यामुळे तुम्ही फोटो झूम करून बघितलात ते चांगलंच केलंत.

आता रिले. माझ्या आरव्ही-१० मध्ये (किटमधून स्वतः बांधायचं चार सीटचं विमान) बॅटरी शेपटीकडे, सामानाच्या कप्प्याच्या मागे असते, कारण नाकात सहा सिलिंडरचं जड इंजिन आहे आणि तोल साधायला वजन मागे लागतं. स्टार्टर मात्र पुढे. म्हणजे करंगळीएवढी २ गेजची केबल जवळपास १५ फूट केबिनमधून पुढे जाते, माझ्या विमानात ती केबिनच्या मधोमध असलेल्या टनेलमधून (लांबट बंद खोबणीतून) नेलीये आणि त्याच टनेलमध्ये इंधनाच्या लाइन आणि पंप आहे. या केबलला फ्यूज नाही, स्टार्टर दीड-दोनशे अँपिअर ओढतो, कुठला फ्यूज टाकणार? उद्या इंजिन बंद पडून शेतात उतरायची वेळ आली तर चाकं टेकायच्या आधी ही केबल मेलेली पाहिजे, आणि ती बॅटरीच्या तोंडाशीच तुटली पाहिजे. जाड स्विच पॅनेलवर बसवला तर तिथपर्यंतची केबल जिवंतच राहते, बॅटरीपाशी बसवला तर माझा हात पोचत नाही. गाडीचं म्हणाल तर बीएमडब्ल्यूच्या ज्या गाड्यांत बॅटरी डिकीत असते त्यातल्या बऱ्याच गाड्यांत अपघात झाला की बॅटरीजवळच केबल उडवून तोडणारं टर्मिनल असतं. दुखणं तेच आहे.

आणि हे मी स्वतः बघितलंय. पहिल्या स्टार्टच्या आधी खालचे स्पार्क प्लग काढून नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवत होतो, ऑइल प्रेशर यायला. चौथ्या-पाचव्या वेळी बॅटरी उतरली, पुढचा स्टार्टरचा रिले तडतडला, मी किल्ली सोडली आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) फिरतच राहिला! काँटॅक्ट चिकटले होते. ‘स्टार्टर ऑन’चा लाल दिवा पेटलेला, बायको हँगरच्या दारात उभी. मास्टर खाली ओढला, मागे शेपटीत टक् असा आवाज आला आणि पंखा थांबला. त्या दिवशी स्विच शेपटीत असता तर उतरून, दार उघडून, सामानाच्या कप्प्यातून आत हात घालायला लागला असता, पुढे पंखा फिरत असताना.

राहता राहिला कॉइल खाते तो एक अँपिअर, ६० अँपिअरच्या अल्टरनेटरपुढे मला तो परवडतो.

तिसरा मुद्दा मात्र तुमचा शंभर टक्के बरोबर. इंजिन मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय स्वतःच स्पार्कची वीज बनवणाऱ्या यंत्रावर) चालतं, ते थांबणार नाही, पण मास्टर रिले गेला तर बॅटरी असून नसल्यासारखी, आणि बॅटरीचा आधार नसलेल्या अल्टरनेटरवर स्क्रीन आणि रेडिओ सोपवायची माझी तयारी नाही. म्हणून बॅटरीपासून दुसरी लाइन काढलीये, फ्यूज आणि छोटा रिले दोन्ही बॅटरीला चिकटूनच, पॅनेलवर तिचा वेगळा स्विच, आणि तिच्यावर फक्त एक स्क्रीन, एक रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र). हे लेखात लिहायलाच हवं होतं, ते राहिलं ही माझी चूक, आज भर घातलीये.

एक विचारायचंय. लगच्या (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपणाच्या) क्रिम्पिंगबद्दल, म्हणजे तो दाबून घट्ट बसवण्याबद्दल, तुम्ही एकच ओळ लिहून सोडून दिलीत. मी हेक्स डायने (षटकोनी साच्याने) दाबलेला एक जास्तीचा लग करवतीने आडवा कापून बघितला, आतल्या तारा एकजीव झाल्यात, एका कोपऱ्यात मात्र केसाएवढी फट दिसते. फोटो लेखाच्या खाली टाकलाय. ती चालेल का एक नंबर लहान डाय घेऊ?