दोन म्हाताऱ्यांचं घर आणि गे डिटेक्टिव्ह

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मालवण बंदरावर होड्या झावळांनी शाकारून ठेवलेल्या, आणि पत्र्याखालचा आमचा कट्टा सकाळपासून भरलेला. दाजी तांडेल मांडीवर जाळं पसरून फाटलेले डोळे शिवत असतात आणि बाकीचे गजाली करतात.

परवा बाळा माझ्याकडे जेवायला होता. जेवणानंतर मी टीव्हीवर ‘ऑन द अदर हँड, डेथ’ लावला. पिक्चर निम्म्यावर आला, बाहेर पाऊस धो धो लागला आणि लाईट गेली. सकाळी कट्ट्यावर पोचलो तर बाळाने विषय काढूनही झाला होता.

‘‘माका एक सांग,’’ मला बघताच तो म्हणाला. ‘‘तो डिटेक्टिव्ह गे असलो काय नि नसलो काय, खून कोणी केल्यान ताच शोधूचा ना? मगे ह्यां दाखवूचा कित्याक?’’

प्रश्न चांगला आहे. हे पिक्चर मी आवडीने बघतो, म्हणून उत्तर द्यायची जबाबदारीही माझीच.

या पिक्चरातला डोनाल्ड स्ट्रेची हा न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरातला खासगी डिटेक्टिव्ह. रिचर्ड स्टीव्हन्सनच्या कादंबऱ्यांवरून २००५ ते २००८ या काळात त्याचे चार पिक्चर आले. काम केलंय चॅड अ‍ॅलनने, आणि तो स्वतःही उघडपणे गे आहे. स्ट्रेची रात्री उशिरा घरी येतो, तेव्हा त्याचा जोडीदार टिमी जागा असतो. काळजी करतो, कधी रागावतो, आणि कामात मदतही करतो. मला या पिक्चरांत सगळ्यात जास्त आवडतात ती ही घरातली दृश्यं.

मुंबईहून आलेला अव्या लगेच म्हणाला, ‘‘पण पिक्चर स्वस्तातले आहेत रे. धागेदोरे पण ढिले.’’

ते मला मान्य आहे. पण आधी काय होतं तेही बघायला हवं. हॉलीवूडमध्ये १९३४ पासून १९६८ पर्यंत नियमावलीच होती. गे पात्र उघड दाखवायचं नाही. १९४१च्या ‘द माल्टीज फाल्कन’मध्ये एक माणूस डिटेक्टिव्हला भेटायला येतो. त्याच्या व्हिजिटिंग कार्डाला अत्तराचा वास येतो आणि डिटेक्टिव्ह ते कार्ड हुंगतो. एवढ्यावरच सगळं सांगायचं. नियम गेल्यावरही रहस्यपटात गे माणूस आला तो बहुतेक मेलेला किंवा मारणारा म्हणून. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘क्रूझिंग’ या पिक्चरचं शूटिंग चालू असताना तिथले गे लोक रस्त्यावर उतरले होते, ते याचसाठी. अशा पडद्यावर तोच माणूस प्रश्न विचारणारा होतो, पुरावे गोळा करतो, आणि आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो. धागेदोरे ढिले असले तरी ही गोष्ट लहान नाही.

बाळाला हे पटेना. ‘‘ह्यो इतिहास झालो. फरक काय पडलो?’’

मग मी ‘व्हिक्टिम’ सांगितला. १९६१चा इंग्लंडचा पिक्चर. डर्क बोगार्ड बॅरिस्टर आहे. एक टोळी गे लोकांना गाठून पैसे उकळते, पण तक्रार कोणी करत नाही, कारण तिथे तेव्हा समलिंगी संबंध हाच गुन्हा होता; पोलिसांकडे गेलं की आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागणार. तिथला कायदा १९६७ साली बदलला. आपल्याकडे ३७७ कलमाचं ते कुलूप सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ला काढलं. साधा डिटेक्टिव्ह खोटं बोलणारा माणूस पकडतो आणि म्हणतो, हाच खुनी. स्ट्रेचीसारख्याला माहीत असतं की माणूस तीस वर्षं रोज खोटं बोलू शकतो, आणि त्याने मुंगीसुद्धा मारलेली नसते. बाळा, फरक इथे पडतो. तपासच वेगळ्या वाटेने जातो.

दाजी सुई थांबवून म्हणाले, ‘‘बरोबर असा. जेचा तारू एकदा खडकार लागला, तेका पाण्याखालचो खडक दिसता.’’

दाजींनी लहानपणी वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझारकथा आणून फडशा पाडलेला. त्यामुळे रहस्यकथेच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला कट्ट्यावर वजन आहे.

अव्याने ‘ग्लास अनियन’ काढला. २०२२चा पिक्चर, कथा २०२०च्या लॉकडाऊनमधली. त्यातला डिटेक्टिव्ह बेनवा ब्लाँक. त्याच्या घराची बेल वाजते आणि दार उघडतो ह्यू ग्रँट, अ‍ॅप्रन घातलेला, अंगाला पीठ लागलेलं. तो ब्लाँकचा जोडीदार. पिक्चर त्यावर एक वाक्यही खर्च करत नाही. अव्याच्या मते हेच खरं पुढचं पाऊल. मला तेवढं पुरत नाही. ज्या मुलाला गावात दर लग्नात ‘तुझा कधी?’ विचारतात, त्याला पीठ लागलेला ह्यू ग्रँट मिनिटभर बघून काय मिळणार? त्याला स्ट्रेची आणि टिमी एका टेबलावर बसून भांडताना बघायचे असतात.

यावर आमचं बरंच वाजलं. अव्या हटेना, मीही हटलो नाही.

तेवढ्यात दाजींनी विचारलं, ‘‘पण कालच्या पिक्चरात होता काय?’’

आणि सांगायला लागला कोण, तर बाळा. दोन म्हाताऱ्या बायका, जन्मभर एकत्र राहिलेल्या. कोणीतरी त्यांच्या घरावर घाणेरड्या शिव्या लिहिल्या. आजूबाजूची जमीन एका कंपनीला हवी आहे आणि या दोघी विकत नाहीत. बाळाचा दिवस सातबारा, सामायिक नावं आणि मोजणीतच जातो. तो पुढे सरकला.

‘‘ह्यां जमिनीचा प्रकरण असा, दाजी. शिव्या लिवणारे वायले, लिवून घेणारो वायलो. आमच्याकडे नाय काय, आधी माणसाक बदनाम करतत, मगे भाव पाडतत. त्या दोगींका तर बदनाम करूक सोप्या. शेजारीपण गप ऱ्हवतले.’’

‘‘म्हातारी माणसां ती,’’ दाजी म्हणाले. ‘‘घर सोडून खय जातली?’’

‘‘सोडूचा कित्याक? घर तेंचा असा!’’ बाळा केवढ्यांदा म्हणाला. शेजारच्या शेडमधली माणसं वळून बघायला लागली.

मी काही बोललो नाही. ‘दाखवूचा कित्याक’ विचारणारा हाच माणूस, आणि आता त्या दोघींच्या दारात उभा राहून भांडत होता. मी तासभर बोलून जे झालं नसतं, ते अर्ध्या पिक्चरने केलं होतं.

पाऊस पुन्हा आडवा यायला लागला. दाजींनी जाळं गुंडाळलं.

‘‘शेवट काय होता, सांगू नको हां,’’ बाळा मला म्हणाला. मग घरी फोन लावला. ‘‘गो, लाईट इली काय?’’