मूल बारीक आहे म्हणजे ठणठणीत आहे, असं नाही

पालकांच्या गटांमध्ये एक संदेश पुन्हापुन्हा फिरतो. त्यात म्हटलेलं असतं की मूल बारीक असेल तर काळजीचं कारण नाही. मुलं दिवसभर हुंदडतच असतात, वर शाळेत पीटीचा तास असतोच. मधुमेह, रक्तदाब हे मोठ्यांचे आजार. जाड मुलं वयात आली की आपोआप सडसडीत होतात. ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते. आणि परीक्षेच्या वर्षी खेळ बंद केलेलाच बरा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल, पालकांच्या जिवाला लागलेला घोर कमी व्हावा एवढंच वाटलं असेल. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, आणि या चुकांचा त्रास मुलांना पुढची कित्येक वर्षं होतो.

‘बारीक आहे ना, मग झालं’ हा यातला सगळ्यात घातक भाग, कारण तो ऐकून पालक पुढचं काही बघतच नाहीत. काट्यावर एकूण वजन कळतं. त्यात स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी नेमकी कुठे साठली आहे, हे कळत नाही. डॉ. याज्ञिक आणि डॉ. युडकिन या दोन संशोधकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापं छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र एकाची 9.1 टक्के आणि दुसऱ्याची 21.2 टक्के! ते दोघे प्रौढ होते, पण बीएमआयमधली ही उणीव मुलांच्या बाबतीतही तशीच आहे. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे आलेलं, अशी मुलं काट्यावर ‘नॉर्मल’ ठरतात.

स्नायूंना इतकं महत्त्व का, तेही बघू. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवण्याची शरीरातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. एरवी साखर आत घ्यायला स्नायूंच्या पेशींना स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्शुलिन या संप्रेरकाचा इशारा लागतो. पण स्नायू काम करत असताना साखर आत घेणारी प्रथिनं इन्शुलिनची वाट न बघता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. खेळ थांबल्यावरही पुढचे कित्येक तास स्नायू इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. जे मूल बसूनच असतं त्याच्या स्नायूंना ही संधी मिळत नाही. मग तेवढंच काम उरकायला स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडावं लागतं आणि यकृतात चरबी साठायला लागते. हे सगळं बाहेरून दिसत नाही, बारीक मुलात तर मुळीच नाही. याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि ती जाड मुलांच्या पालकांनी जरूर लक्षात ठेवावी. नियमित व्यायामाने वजन तसूभर कमी झालं नाही तरी इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारतो. काटा हलला नाही म्हणून मुलाचा खेळ वाया गेला, असं कृपा करून म्हणू नका.

म्हणून वजनाबरोबर दमसास बघायला हवा. त्यासाठी शाळेच्या मैदानावर होण्यासारखी साधी चाचणी आहे. 20 मीटर अंतरावर दोन रेषा आखायच्या आणि ठरावीक वेळाने वाजणाऱ्या आवाजाच्या तालावर त्यांच्यामध्ये ये-जा करत पळायचं. सुरुवात ताशी 8.5 किलोमीटरने होते आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. मूल कुठपर्यंत टिकतं त्यावरून त्याच्या हृदयाची, फुप्फुसांची आणि स्नायूंची एकत्रित क्षमता समजते. दमसास फार कमी असलेल्या मुलांमध्ये हृदयविकाराला पोषक अशी लक्षणं जास्त आढळतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

आता हुंदडण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. 2016 पर्यंतच्या आकडेवारीनुसार जगातली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं तेवढी हालचाल करत नव्हती, आणि मुलींमध्ये हे प्रमाण 85 टक्के होतं. पीटीच्या तासातला बराच वेळ रांगेत उभं राहण्यात, हजेरीत आणि आपली पाळी येण्याची वाट बघण्यात जातो. तास किती मिनिटांचा होता, हे मुलाला विचारू नका. त्यात धाप किती वेळ लागली होती, ते विचारा.

‘मोठ्यांचे आजार’ हा समज तर केव्हाच मोडीत निघायला हवा होता. अमेरिकेतल्या बोगालुसा इथे 1973 पासून मुलांच्या हृदयाच्या आरोग्याचा अभ्यास चालला. अपघातासारख्या कारणांनी दगावलेल्यांच्या तपासणीत 2 ते 15 वयोगटातल्या सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीचे पट्टे आढळले. प्रत्येक पट्ट्याचा पुढे आजार होतोच असं नाही. पण वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असे धोके जितके जास्त, तितके हे पट्टेही जास्त होते. टाइप 2 मधुमेह लहान वयात झाला तर तो सौम्यही नसतो. 10 ते 17 व्या वर्षी तो असलेल्या मुलांचा अमेरिकेत दीर्घकाळ पाठपुरावा झाला. सरासरी 26 व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या सुमारे 60 टक्के जणांना मूत्रपिंड, डोळे किंवा मज्जातंतू यांपैकी कशाची तरी गुंतागुंत झालेली होती. मानेची मागची बाजू काळसर, मखमलीसारखी जाड दिसत असेल तर ती घासू नका, तो मळ नसतो. डॉक्टरांना दाखवा, ती इन्शुलिनचा प्रतिसाद बिघडल्याची खूण असू शकते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तरीही दाखवा.

वयात आल्यावर आपोआप ठीक होतं का? काही मुलांचं होतं, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. लठ्ठ किशोरवयीन मुलांपैकी सुमारे 80 टक्के मोठेपणीही लठ्ठच राहतात. शिवाय वयात येताना इन्शुलिनचा प्रतिसाद निसर्गतःच काही काळ मंदावतो, म्हणजे आधार ज्या काळाचा धरायचा तोच काळ जास्त नाजूक. डेन्मार्कमध्ये 60 हजारांहून जास्त पुरुषांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सातव्या वर्षी जास्त वजन असलेले जे मुलगे तेराव्या वर्षापर्यंत सामान्य वजनावर आले आणि पुढेही तसेच राहिले, त्यांचा मधुमेहाचा धोका कधीच जाड नसलेल्यांइतकाच होता. हे वाचून धीर येतो, आणि थांबून राहणं का परवडत नाही तेही कळतं.

उंचीच्या मुद्द्यावर फार वेळ नको. जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2020 मध्ये अशा व्यायामाला पाठिंबा दिला आहे. स्नायू आणि हाडं बळकट करणारी हालचाल आठवड्यातून किमान तीन दिवस हवी, कारण उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांत प्रौढपणीच्या हाडांच्या साठ्यापैकी जवळपास पाव भाग जमा होतो.

राहिली परीक्षा. शाळेतली शारीरिक हालचाल आणि अभ्यासातली कामगिरी यांच्यावरच्या संशोधनाचा एक मोठा आढावा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2010 मध्ये घेतला. तपासलेल्या 251 संबंधांपैकी निम्म्यांत फायदा दिसला, जवळजवळ उरलेल्या सगळ्यांत फरक दिसला नाही, आणि तोटा दिसला तो फक्त दीड टक्क्यांत. खेळाने गुण हमखास वाढतील असं मी म्हणणार नाही. पण पीटीचा तास काढून गणिताला द्यायचा शाळेचा विचार असेल, तर त्याने गुण वाढतात हे कशावरून ठरवलं, एवढं पालकसभेत उभं राहून नक्की विचारा.