ऑनलाइन सर्टिफिकेट म्हणजे आपोआप क्रेडिट नव्हे

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कुठलाही ऑनलाइन शॉर्ट कोर्स करा, पीडीएफ अपलोड करा, क्रेडिट थेट डिग्रीत जमा.’ हे चूक आहे. (क्रेडिट म्हणजे डिग्रीसाठी अभ्यास मोजण्याचं एकक.) मुलं यापायी फी भरून बसतील, म्हणून लिहितेय.

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्यांची क्रेडिट साठवणारी सरकारी डिजिटल व्यवस्था, विद्यार्थ्याकडून सर्टिफिकेट घेतच नाही. क्रेडिट जमा करते ती नोंदणीकृत संस्था. तुमच्या हातात फक्त खातं उघडणं आहे. जमा झालेलं क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं चालतं.

‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स धरले जातात, हे खरं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेता येतात. पण नुसते व्हिडिओ पाहून भागत नाही, असाइनमेंट आणि देखरेखीखालची परीक्षा द्यावीच लागते. शिवाय राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे ३० तासांचा अभ्यास धरलाय; दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये तो कुठून बसणार?

खासगी कंपन्यांचे कोर्स नोकरीसाठी उपयोगी पडतीलही, ते जरूर करा. मात्र डिग्रीत धरायचे असतील तर नाव नोंदवण्याआधी आपल्या विभागाची मंजुरी घ्या, आणि तीही लेखी.