काऊन नका विचारू, चाऊन मारा

राजेहो, पोस्टग्रेस डेटाबेसची सर्व्हिस सुरू होत नाही ना? मग लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, अजिबात उघडू नका. पोस्टग्रेस तिथं एका ओळीत सांगून मोकळं होतं: डेटा फोल्डरची मालकी चुकली आहे, फोल्डर ज्याच्या नावावर आहे त्यानंच मला सुरू करावं. एवढं सरळ उत्तर मिळालं तर रात्र कशी निघायची? मे महिन्यातलं नागपूर, अकरा वाजले तरी भिंती तापलेल्या, कूलरच्या टाकीत पाणी तळाला. जागायला काहीतरी निमित्त पाहिजेच.

मूळ भानगड एवढीशीच. कोणीतरी (म्हणजे तुम्हीच) सुडो लावून, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर 'रूट' याच्या अधिकारानं, बॅकअप कॉपी केला आणि सगळ्या फायली रूटच्या नावावर चढल्या. सर्व्हिस मात्र चालते पोस्टग्रेस नावाच्या युजरनं. सातबारा एकाचा, नांगर दुसऱ्याचा. फेरफार एकाच फोल्डरचा करायचा असतो, पण तो कोणता हे पाहायला मालकी दाखवणारं 'एलएस -एल' मारावं लागतं. तेवढ्यात तर्री-पोह्याची एक प्लेट होते.

त्यापेक्षा परवानग्या बदलणारं चमॉड ७७७! फोल्डर साऱ्या मोहल्ल्याला खुला. पोस्टग्रेस मालकीचं तेच रडगाणं पुन्हा गाईल, गाऊ द्या. उद्या मालकी सुधारलीत की ते या ७७७ वर अडून बसेल, कारण त्याला ०७०० (फक्त मालकाला प्रवेश) लागतं, फार तर ०७५० (गटाला वाचण्यापुरता), आणि ही सवलतही २०१८ च्या ११ व्या आवृत्तीपासूनची. मग रूटनंच चालवून पाहा. रूटला ते उंबऱ्यावरूनच परत पाठवतं. एवढा स्वाभिमान आमच्या गल्लीतल्या भाडेकरूतही नाही.

आता रामबाण: चाऊन -आर, म्हणजे आतल्या सगळ्यासकट मालकी बदलणारी कमांड. आमच्याकडे आधी 'काऊन?' विचारायची पद्धत आहे, पण चाऊन हाताशी असल्यावर काऊन कोण विचारतो? पुढं टिंब आणि तिरपी रेघ द्यायची, म्हणजे फक्त या फोल्डरपुरतं. मी टिंब खाल्लं. उरली नुसती रेघ, म्हणजे अख्खी मशीन. कंट्रोल-सी दाबलं तोवर खुद्द सुडोची फाईल पोस्टग्रेसच्या नावावर झाली होती. पुढचा सुडो मारला तर तो म्हणतो, माझा मालक शून्य नंबरचा युजर (म्हणजे रूट) पाहिजे आणि माझा सेटयूआयडी बिट, मला मालकाच्या अधिकारानं चालवणारी खूण, कुठाय? तो दुरुस्त करायला रूट व्हावं लागतं. रूट व्हायला सुडो लागतो.

पहाटे पेनड्राइव्हवरून मशीन चालू करत होतो, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, "काऊन भाऊ, लॉग पाह्यला होता का?"

यंदा तान्ह्या पोळ्याला ७७७ चा एक बडग्या, म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा, बांधतो आहे. कागद, बांबू माझ्याकडे आहे. खांदा द्यायला या. ईडा पीडा, परमिशन डिनाइड घेऊन जाय गे मारबत!