जुन्या रिबन माईकमध्ये चांदी नसते
कोल्हापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जुन्या अमेरिकी आरसीए कंपनीच्या माईकचा एक फोटो फिरतोय: 'आरसीए ४४ रिबन माईक, आत शुद्ध चांदीची पट्टी, नुसती मोड लाखाची!' तसं काही नाही. रिबन म्हणजे ही आतली पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असते, बारीक चुण्या घातलेली, जाडी जेमतेम दोन-अडीच मायक्रॉन. गुजरीत (सराफ बाजारात) नेलीत तर सराफ हसेल. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ती सैलसर टांगलेली असते. आवाजाने हलली की तिच्यात अगदी क्षीण वीज तयार होते, म्हणून तिचा दाब वाढवायला आतच ट्रान्सफॉर्मर. माईक हाताला जड लागतो तो बहुतेक चुंबकामुळे. १९३०च्या दशकातल्या या माईकला भाव आहे, पण तो चालू स्थितीतल्या माईकला. आणि हो, 'चेक' करायला फुंकर मारू नका, पट्टी ताणते नाहीतर फाटते.